मुलाणी मॅडमची लायब्ररी

"सर, मॅडमनी लायब्ररी उघडून वाचून यायला सांगितलंय," असं म्हणत शेवटच्या वर्षाची चार मुलं माझ्या टेबलासमोर उभी राहिली, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि माझी लायब्ररी नवापासून उघडीच होती.

"उघडीच आहे की. या, बसा."

"ही न्हाई सर. सर्वोची."

"कुणाची?"

"सर्वो मोटरची लायब्ररी. मॅडम म्हणल्या, आत काय हाय ते वाचल्याबिगर माझ्या प्रॅक्टिकलला पाय ठेवायचा न्हाई. कॉम्प्युटर लॅबला कुलूप हाय. तुमच्याकडं एक कॉम्प्युटर हाय ना?"

शिरूरबाहेर, न्हावरा रस्त्याला असलेल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी एकोणीस वर्षं ग्रंथपाल होतो. एवढ्या वर्षांत वाचायला जागा मागायला मुलं आली ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि तीही पंख्याखालची. त्यामुळे ही चौघं माझ्या एकुलत्या एका कॉम्प्युटरभोवती डोकी जोडून बसली आणि एकेक ओळ बोटानं दाखवत वाचायला लागली, तेव्हा मला जरा संशयच आला. मी मागून जाऊन बघितलं. गाणी नव्हती, क्रिकेट नव्हतं. कंसांनी भरलेला इंग्रजी मजकूर होता आणि एक मुलगा डोकं खाजवत म्हणत होता, "ही ओळ कशाला हाय पण?"

दुपारी मॅडम स्वतः आल्या. शमीम मुलाणी. त्या वर्षीच करारावर रुजू झालेल्या. पंचेचाळिशीच्या, किरकोळ अंगाच्या, डोक्यावर सुती ओढणी आणि कानावर सुताराची असते तशी चपटी पेन्सिल. केडगावहून चौफुल्याला यायचं, तिथून एसटीनं शिरूर. असा त्यांचा रोजचा प्रवास. हातात दोन पुडांचा स्टीलचा डबा असायचा. वरच्या पुडात भाकरी, खालच्यात तळहाताएवढे निळे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, वायरी आणि लुकलुकणारे छोटे दिवे. एकदा एसटीच्या वाहकानं तो डबा उघडायला लावला होता. मॅडमनी त्याला चौफुला ते न्हावरा एवढ्या वेळात दिवा कसा लुकलुकतो ते शिकवलं. पुढं तो वाहक त्यांची जागा धरून ठेवायचा.

"तुमच्या जागेत माझी पोरं घुसवली, रागावला न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"राग नाही. पण ही कसली लायब्ररी, ते कळलं नाही."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. "आता बघा सर. ह्या बोर्डाकडून मोटर फिरवून घ्यायची तर त्याला बारीकसारीक सगळं सांगावं लागतं. शंभर-दोनशे ओळी. त्या कुणीतरी आधीच लिहून ठेवल्यात. आपण आपल्या प्रोग्रॅममध्ये वर त्याचं नुसतं नाव लिहिलं, की ते सगळं आपल्या कामाला येतं. त्याला म्हणायचं लायब्ररी. बोर्डाच्या सॉफ्टवेअरबरोबर अशा कितीतरी आयत्याच येतात."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच हाय. त्या माणसांचे उपकार हायेत. पण नुसतं नाव लिहून मोकळं व्हायचं आन् आत कोण बसलंय ते बघायचंच न्हाई? पोरीला स्थळ आलं तर चार गावं चौकशी करता ना? मग?"

हे "मग?" त्या असं काही म्हणायच्या की पुढच्याला उत्तर देणं भाग पडायचं. मुलांशी बोलतानाही त्या 'तुम्ही'च म्हणत. अठरा वर्षांच्या, मिसरूड फुटलेल्या पोराला "तुम्ही आज वाचून आला न्हाई, तुम्ही बाहेर उभं राहा," असं म्हटलं की त्याला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

महिन्याभरात त्यांनी सात-आठ लायब्रऱ्यांची छापील पानं टॅगमध्ये ओवून, पुठ्ठा लावून माझ्याकडं आणली. समासात त्यांच्या पेन्सिलीनं मराठीत लिहिलेलं होतं: 'इथं थांबतो.' 'हे का केलं असेल?' 'हा माणूस सावध आहे.' म्हणाल्या, "ह्यांना नंबर द्या. कपाटात लावा."

"मॅडम, ह्याला प्रकाशक नाही, किंमत नाही. रजिस्टरला कसं चढवू?"

"लिहिणारा हाय ना? वर नाव हाय त्याचं. लोकांनी वाचावं म्हणून लिहिलंय, तसं त्यानं स्वतः लिहिलंय. मग पुस्तक अजून वेगळं काय असतं?"

प्राचार्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, हे ग्रंथालय आहे की झेरॉक्सचं दुकान? मॅडम त्यांच्या केबिनमध्ये गेल्या आणि दहा मिनिटांनी बाहेर आल्या. "द्या नंबर," एवढंच मला म्हणाल्या. आत काय झालं ते शिपाई दत्तू गायकवाडकडून कळलं. कॉलेजचं इंटरनेट तेव्हा चार दिवस बंद होतं. मॅडमनी विचारलं होतं, "सर, नेट येईपर्यंत पोरांनी काय करायचं, तुमच्या तोंडाकडं बघायचं का माझ्या?" मी नंबर दिले.

त्यांचं शिकवणं मी दारात उभा राहून बघायचो. एकदा 'डिले' शिकवत होत्या. म्हणजे बोर्डाला 'इतका वेळ थांब' असं सांगायची आज्ञा. मुलांना ती फार आवडायची, कारण सोपी होती. जिथं अडेल तिथं थांब म्हणायचं. मॅडमनी एका आडदांड मुलाला पुढं बोलावलं. "तुम्ही आता बोर्ड हाय. मी म्हणेन तवा डोळं मिटायचं, कान झाकायचं, तीस सेकंद हलायचं न्हाई." त्यानं डोळे मिटले. मॅडमनी त्याच्या दप्तरातला डबा काढून मागच्या बाकावर दिला. तीस सेकंदांत त्याची मटकीची उसळ आणि दोन चपात्या वर्गानं संपवल्या. त्यानं डोळे उघडले तर समोर रिकामा डबा.

"काय झालं? ओरडला का न्हाई?"

"ऐकूच आलं न्हाई मॅडम."

"थांबलेल्याला ऐकू येत न्हाई. मोटर जळत असली तरी तुमचा बोर्ड असाच उभा राहणार, डोळं मिटून. आता डिले लिहिताना उसळ आठवा." आणि स्वतःची भाकरी त्यांनी त्याला दिली.

मुलांची खरी भीती इंग्रजीची होती. आजूबाजूच्या खेड्यांतली मुलं. पास झाली की शिक्रापूर, कोरेगावकडच्या कारखान्यांत लागायची. तिथून येणारे लोक मुलाखतीत सांगायचे, की तुम्हाला वाचायबिचायची गरज नाही, दिलेलं जोडा आणि चालू करा. असा एक साहेब स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणाला, "ह्या मुलांना आतलं शिकवून काय उपयोग मॅडम? आतलं काम पुण्यात होतं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मग पुण्यात हात कुठनं येतात? आमच्याकडनंच ना? मग डोकं का नगं तुम्हाला?"

साहेब हसला. मॅडम हसल्या नाहीत.

त्या दिवशी बसला उशीर होता, म्हणून त्या लायब्ररीत येऊन बसल्या आणि आपणहून दौंडचं सांगायला लागल्या. त्यांचे वडील रेल्वेत सिग्नल खात्यात खलाशी, म्हणजे हाताखालचे मदतनीस होते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये घर. कामात हुशार, बिघाड कुठं आहे ते तारेला हात लावून सांगायचे म्हणे. पण वरच्या जागेसाठी एक परीक्षा असायची, आणि तिचं पुस्तक इंग्रजीत. दोनदा नापास झाले. तिसऱ्या वेळी सातवीतली शमीम डिक्शनरी घेऊन शेजारी बसली. ती शब्द शोधायची, अर्थ सांगायची, आणि अब्बा म्हणायचे, "अगं, हे तर मी रोज करतो!"

"पास झाले?"

"झाले की. पण सर, पास झाल्यावर आमचे अब्बा रडले. म्हणले, ह्यात एवढंच हुतं व्हय? एवढंच हुतं, आन् मला बारा वर्षं भ्या दाखवलं?"

बस आली. डबा उचलून त्या निघाल्या. त्यानंतर वडिलांबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

दुधाचं प्रकरण झालं ते त्यांच्या चौथ्या वर्षी. दत्तू शिपायाची बायको मंगल, न्हावऱ्याच्या पुढं भीमेकाठच्या त्यांच्या गावात दूध शीतकरण केंद्रावर कामाला होती. गावाचं दूध मोठ्या स्टीलच्या टाकीत जमा करायचं, ते चार अंशांपर्यंत गार ठेवायचं आणि सकाळी टँकर आला की द्यायचं. टाकी गार ठेवायला एक आपोआप चालणारा नवीन डबा बसवला होता. दूध गरम व्हायला लागलं की तो मशीन चालू करायचा, गार झालं की बंद, आणि दर पंधरा मिनिटांनी नोंद छापायचा. एका सकाळी टँकरवाल्यानं टाकीतलं दूध उकळून बघितलं तर फाटलं. सगळ्या गावाचं दूध ओढ्याला सोडावं लागलं. डब्याची नोंद बघितली तर ओळीनं 'ठीक, ठीक, ठीक', आणि संध्याकाळी एकदाच 'बंद-चालू'. गावानं अर्थ लावला, की बाईनं मशीन बंद ठेवलं आणि आता नाही म्हणते. कुणी म्हणालं, विरजणाचा हात लावला असंल. कुणी तर दूध चोरून पाणी घातलं म्हणण्यापर्यंत गेलं. मंगलला घरी बसवलं, आणि डब्यावर न सोडता मशीन हातानं चालू-बंद करायला लागले.

दत्तू तीन दिवस कॉलेजात खाली मान घालून घंटा देत होता. चौथ्या दिवशी मॅडमनी त्याला लायब्ररीत बसवून सगळं विचारलं. तो म्हणाला, "ती म्हणती, डब्यावर उणे एकशे सत्तावीस आलं हुतं. तिनं कंपनीला फोन केला. ते म्हणलं, नुसतं दिसायची अडचण हाय, एकदा बंद करून चालू करा आन् मग हात लावू नगा, मशीन आपलं आपण चालतंय. तिनं तसं केलं. आता त्या फोनचं कुणी नावच काढंना. सोमवारी केंद्रावर बैठक हाय."

"किती म्हणालात? उणे किती?"

"एकशे सत्तावीस."

मॅडम उठल्या, माझ्या कपाटातून पुठ्ठ्याची एक फाईल काढली, पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "जगतापसर, सोमवारी तुमची गाडी घ्यायची का?"

डबा बनवणारा कारखानदार आमच्या कॉलेजचा हितचिंतक होता. लॅबला बोर्ड त्यानं भेट दिलेले, दरवर्षी चार-पाच मुलं तो कामाला घ्यायचा. प्राचार्यांना कुठूनतरी सुगावा लागला. त्यांनी मॅडमना माझ्यासमोरच अडवलं.

"मॅडम, तुम्ही शिकवायचं काम करा. दुधाचं दूधवाले बघतील."

"सर, शिकवायलाच चाललेय. माझी अर्ध्या दिवसाची रजा मांडा."

"जूनमध्ये करार नवा करायचा आहे तुमचा. लक्षात आहे ना?"

"हाय की. माझ्या लक्षात सगळं राहतं," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

केंद्रासमोरच्या शेडमध्ये बैठक होती. डेअरीचे चेअरमन आप्पा खुर्चीवर, दूध घालणारी तीस-चाळीस माणसं सतरंजीवर. एका बाजूला मंगल उभी होती. बस म्हटलं तरी बसेना. कारखानदार स्वतः आला नव्हता. त्यानं आपला इंजिनियर पाठवला होता, एक नवा कोरा डबा आणि नोंदींचा कागद देऊन. तो इंजिनियर म्हणजे प्रसाद, मॅडमच्याच पहिल्या वर्षाच्या तुकडीतला विद्यार्थी. मॅडमना बघून तो उठून उभा राहिला आणि मग कुठं बघावं ते त्याला कळेना.

त्यानं कागद वाचून दाखवला. "रेकॉर्डनुसार मशीनमध्ये दोष नाही. तापमान पूर्ण वेळ मर्यादेत होतं."

"मर्यादेत हुतं तर दूध नासलं कसं?" आप्पांनी विचारलं.

"ते... हाताळणीत काही झालं असेल."

मंगल काही बोलणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आप्पा, मला पाच मिनिटं द्या. नवा डबा आणलाय ना ह्यांनी? तो लावून बघू."

त्यांनी पिशवीतून एक बल्ब आणि होल्डर काढला. मशीनच्या जागी बल्ब जोडला. "मशीन चालू म्हंजी बल्ब चालू. बरोबर ना प्रसादराव?" प्रसादनं मान हलवली. बैठकीसाठी चहा आला होता. मॅडमनी आप्पांच्या पुढचा वाफाळता ग्लास घेतला आणि डब्याची तापमान मोजायची सळई त्यात बुडवली. आकडा चढायला लागला. टक् असा आवाज झाला आणि बल्ब लागला.

"च्या गरम हाय, म्हणून मशीन चालू झालं. डबा चांगला हाय," मॅडम म्हणाल्या. "आता आतल्या टाकीकडं या." त्यांनी सगळ्यांना आत नेलं आणि झाकणाच्या बिजागरीपाशी बोट दाखवलं. तिथं सळईची वायर रोज दुमडून दुमडून आतून तुटली होती. वरून धड दिसत होती. मॅडमनी ओढली तशी हातात आली.

परत शेडमध्ये येऊन त्यांनी नव्या डब्याची वायरही उपसून काढली.

टक्. बल्ब गेला. डब्यावर आकडा आला, उणे एकशे सत्तावीस.

मॅडमनी चहाचा ग्लास आप्पांच्या पुढं धरला. "आप्पा, डबा म्हणतोय, उणे एकशे सत्तावीस. बोट बुडवा."

आप्पांनी बोट बुडवलं आणि झटक्यात मागं घेतलं. "आयला! चटका बसतोय की."

"पण डब्याला वाटतंय, चारच्या खाली हाय ना, मग लई गार हाय. मशीन कशाला चालवायचं? जरा थांबा, आता नोंद बघा." पंधरा मिनिटं व्हायला सात-आठ मिनिटं बाकी होती. सगळे तशीच वाट बघत बसले. डब्यातून कागदाची पट्टी बाहेर आली. आप्पांनी चष्मा लावून वाचली. "ठीक," ते म्हणाले. आणि पुन्हा, हळू आवाजात, "ठीक."

मॅडमनी पुठ्ठ्याची फाईल उघडून प्रसादच्या हातात दिली. "ही त्या सळईची लायब्ररी. हीच वापरली ना तुम्ही? ही ओळ वाचा. आन् मराठीत सांगा, सगळ्यांना कळंल असं."

प्रसादनं वाचलं. "सेन्सर जोडलेला नसेल... तर हा आकडा मिळेल. उणे एकशे सत्तावीस."

"म्हंजी ज्यानं लिहिलं त्यानं सांगून ठेवलं हुतं. की बाबांनो, हा आकडा दिसला तर ते तापमान न्हाई, वायर तुटलीय. वाचली हुती का ही ओळ तुम्ही?"

मला वाटलं, तो काहीतरी सारवासारव करील. त्याच्या नोकरीचा प्रश्न होता. त्यानं फाईल मिटली.

"न्हाई मॅडम. नाव लिहून मोकळा झालो."

तेव्हा मंगल पहिल्यांदा बोलली. ती प्रसादकडं बघतच नव्हती, सतरंजीवरच्या माणसांकडं बघत होती. "हा आकडा मी त्या दिवशी फोनवर वाचून दाखवला हुता. दोनदा. एक-दोन-सात, आन् म्होरं आडवी रेघ. म्हणलं, टाकी हाताला गार लागंना. मला म्हणलं, बाई, तुमाला त्यातलं कळत न्हाई."

"बघा," मॅडम म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यांत ह्या एकट्या बाईंनी वाचलं. आन् त्यांनाच तुम्ही घरी बसवलं." मग प्रसादकडं वळून खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुम्ही माझ्याच हाताखालनं गेलाय. तवा माझंबी काहीतरी कमी पडलं. बसा आता, उभं राहू नका."

आप्पा उठले. "मंगल, उद्यापास्नं ये कामावर."

"उद्या येत न्हाई आप्पा," मंगल म्हणाली. "सकाळी दूध घालायला रांग असती, त्या रांगंत मला चोर म्हणलं. त्याच रांगंत सांगा, की चोर न्हवती. मग येते."

माणसं चुळबुळली. आप्पांनी मॅडमकडं बघितलं. त्या आपली वायर गुंडाळत होत्या. हे काम त्यांचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी रांगेपुढं उभं राहून सांगितलं, असं दत्तूनं मला येऊन सांगितलं. त्या दिवशी त्यानं घंटा पाच मिनिटं आधीच दिली.

परत येताना गाडीत, न्हावरा मागं पडल्यावर मॅडमनी पुठ्ठ्याची फाईल उघडून तीच ओळ पुन्हा वाचली.

"लई भ्या वाटत हुतं सर," त्या म्हणाल्या. "त्यांचा प्रोग्रॅम मी बघितलेला न्हवता. लायब्ररी माझ्या वाचण्यातली, पण त्यांनी आत काय लिहिलंय ते अंदाजानं. वायर काढल्यावर बल्ब गेला नसता तर?"

"तर काय केलं असतं?"

"सगळ्यांच्या समोर ऐकून घेतलं असतं. आन् घरी जाऊन परत पहिल्यापास्नं वाचलं असतं."

प्रसादनं पुढच्या पंधरवड्यात जिथं जिथं तसे डबे बसवले होते त्या गावांना जाऊन प्रोग्रॅम बदलला. तो आकडा आला की मशीन चालू ठेवायचं आणि भोंगा वाजवायचा. मालकानं त्याला काढलं नाही. गावोगाव बभ्रा होण्यापेक्षा ते बरं, असा हिशेब असावा. पण मॅडमना कॉलेजनं पत्र दिलं. संस्थेच्या हितचिंतकाची परवानगीशिवाय जाहीर बदनामी केल्याबद्दल लेखी खुलासा करावा आणि दिलगिरी व्यक्त करावी. मॅडमनी माझ्या टेबलाशी बसून खुलासा लिहिला. कानावरची पेन्सिल काढली, मग परत ठेवून माझं पेन मागितलं. एकच ओळ: 'वायर काढली, जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं, जे लिहिलेलं होतं ते वाचून दाखवलं, यात दिलगिरीसारखं मला काही सापडलं नाही.'

"मॅडम, थोडं मऊ लिहा," मी म्हणालो. "नोकरी आहे शेवटी."

"मऊच हाय सर. आधी दोन पानं लिहिलं हुतं, ते फाडलं."

जून आला, करार आला नाही. मुलांनी दारात बसायचं ठरवलं तर त्यांनाच त्या रागावल्या, "परीक्षा कोण देणार तुमची? उठा." आणि मुलांचं शेवटचं प्रॅक्टिकल करारात नसताना, पगार नसताना येऊन घेतलं. प्राचार्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांच्याबद्दल एवढं चांगलं मला सांगता येतं.

मी काय केलं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मी गाडी चालवली. खुलाशाखाली माझंही नाव लिहितो म्हणालो होतो, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही कपाट सांभाळा. तिथं कुणीतरी पाहिजे." मी ते ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं. ती गोष्ट अजून टोचते.

दोन वर्षांनी प्राचार्य बदलले. नव्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी मुलाणी मॅडमना परत बोलावायचं ठरवलं आणि पत्र माझ्याच हाती दिलं. रविवार होता. केडगाव स्टेशनच्या रुळांना लागून पिठाची गिरणी आहे, तिच्यावरच्या खोलीत मॅडमचा वर्ग चालतो असं कळलं होतं. लोखंडी जिना चढून गेलो. खोलीत पंधरा-वीस माणसं होती. शिक्रापूरहून सुट्टीच्या दिवशी आलेले कामगार, दोन रिक्षावाले, साडीचा पदर खोचून बसलेल्या चार बाया. फळ्यावर मराठी आणि हिंदी सरमिसळ लिहिलेलं.

मॅडमनी पत्र उभ्यानं वाचलं. पगार आधीपेक्षा बरा होता, पदही कायम व्हायची शक्यता होती. मी वाट बघत राहिलो. त्यांनी एका कलमावर बोट ठेवलं. प्रयोगशाळेत केवळ नेमून दिलेल्या पुस्तिकेप्रमाणेच काम करून घेण्यात येईल, असं ते कलम होतं. जुन्या नमुन्यातलं, नव्या बाईंनी बहुधा वाचलंही नसेल.

"एवढं खोडून आणा," त्या म्हणाल्या. "मग येते. शनिवार-रविवार मात्र हिथलं. ते सोडणार न्हाई."

"आणि नाही खोडलं तर?"

"तर तुम्हीच चहाला येत जा."

पत्र त्यांनी मला परत दिलं आणि वर्गाकडं वळल्या. मधोमध एक बिहारचा कामगार कागद धरून उभा होता. तो अक्षर अक्षर लावत इंग्रजी ओळ वाचत होता; एका शब्दावर अडला, परत मागं गेला, परत अडला. मागं कुणीतरी हसलं. मॅडमनी नुसतं तिकडं बघितलं, हसू थांबलं. मी जिन्याकडं निघालो.

निम्मा जिना उतरलो तेवढ्यात दौंडकडची एक्स्प्रेस आली. न थांबता जाणारी. जिना हलायला लागला, गिरणीचे पत्रे वाजायला लागले, कुणाचंच काही ऐकू येईना. मी मागं वळून वर बघितलं. उघड्या दारातून मॅडम दिसत होत्या. त्यांनी एक हात वर धरला होता, वाचणाऱ्याला थांब म्हणून, आणि नजर त्याच्याच कागदावर होती. डब्यांमागून डबे जात राहिले. त्यांचा हात तसाच वर.

गाडी गेली. हात खाली आला.

"हां. पढिए. जिथं थांबला तिथनंच."